व्हिनियर लावल्यावर दार का वाकतं?
व्हिनियर म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. तो लावल्यावर दार वाकलं, तर गोंद कमी पडला असेल, असं एकाने म्हटलंय. मला पटत नाही. १८ मिमी एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाच्या) एकाच बाजूला व्हिनियर लावलं की पांढरा गोंद सुकताना ते आकसतं आणि बोर्डाला आपल्याकडे ओढतं. मागच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचं, साधं का होईना, व्हिनियर, लाकडाच्या रेघा त्याच दिशेला ठेवून, लगेच लावा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडच्या पावसात तर हे टाळूच नका.

गोंद बोर्डावर दातेरी पत्र्याने एकसारखा पसरा. मधून कडेकडे दाबत हवा काढा, वर प्लॅस्टिक आणि सपाट प्लाय ठेवून रात्रभर क्लॅम्पने आवळून ठेवा. फुगा आलाच तर रेघांच्या दिशेने ब्लेडने चीर द्या, थोडा गोंद आत सरकवा, कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा आणि वजन ठेवा. कडांना लिपिंग (लाकडाची पट्टी) हवंच, एमडीएफ तिथूनच पाणी पितं.