मदत हवी आहे: ओतताना शिसं पिठल्यासारखं घट्ट होतंय

राम राम मंडळी. हतनूरच्या पाण्यात टाकायच्या फेकजाळ्यासाठी शिशाच्या गोळ्या घरीच ओततो, एक साधारण २० ग्रॅमची. साचा ॲल्युमिनियमचा, दोन फाळ्यांचा. आतापर्यंत पाइपचं जुनं शिसं वापरलं, कधी तक्रार नव्हती.

या खेपेला टायरवाल्याकडून चाकाची बॅलन्सिंगची वजनं आणली, चारेक किलो. वितळल्यावर वर राखाडी, खरबरीत साय. मेण टाकून ढवळलं, साय काढली, पुन्हा तीच. गोळ्या सुरकुतलेल्या, कडा अर्धवट. साचा थंड असेल म्हणून तापवला, मेणबत्तीची काजळीही धरली. फरक शून्य.

यातली काही वजनं जस्ताची असावीत, असा मला संशय आहे. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४१९ला. पण भट्टीला ब्लोअर लावला होता आणि थर्मामीटर नाही, म्हणजे तेवढा ताव सहज गेला असेल. (बॅटरीचं शिसं अजिबात नाही, तो विषाचा धंदा नको. काम उघड्यावरच, कढईही वेगळी.)

हा घाणा आता घरच्या घरी सुधारेल, की भंगारात देऊ? आणि पुढच्या वेळी वितळवण्याआधीच जस्ताची वजनं कशी निवडून काढायची? पकडीने दाबून कळतं का?