दोन खांबांत रिव्हर्स लावायची पद्धत सांगा (बजेट 1500)

सिडकोवाला: वॅगनआर, 2019 नंतरचं मॉडेल, मॅन्युअल. बिल्डिंगखाली दोन खांबांत 8 फूट जागा, समोर 16 फुटांची वाट, पलीकडं भिंत. जागा ड्रायव्हरच्या बाजूला येते. गाडी तिरकीच बसायली. पद्धत सांगा, काही घ्यायचंच तर 1500 च्या आत.

डिझेलभाऊ: 360 कॅमेरा (गाडीच्या चारी बाजू दाखवणारा) टाका. विषय संपला.

सिडकोवाला: दादा, बजेट वाचा की.

गंजगोलाई: गाडी 1620 मिमी रुंद, म्हणजे दोन्हीकडं मिळून 80 सेंटीमीटर उरतात. लई झाले. खांबांपासून 3 फूट सोडा, मागचा बंपर पुढच्या खांबाशी आला की फुल लॉक, म्हणजे स्टीअरिंग शेवटपर्यंत वळवा.

परभणीकर: 3 फुटांत उजवं मागचं दार खांबाला घासणारच. 5 फूट सोडा. बंपरही खांबाशी थांबवू नका, त्याच्या अंदाजे 5 फूट पुढं न्या, मग फुल उजवा लॉक. एक्सलेटर नको, हाफ क्लचवर (क्लच अर्धा सोडून) सरकू द्या. उजव्या आरशात खांब आणि मागचं दार यातली फट बघा. फट मिटायली तर स्टीअरिंग थोडं सोडा. फार वाढली तर मागचा डावा कोपरा पलीकडच्या खांबावर जातो. पुढं घेऊन परत या. दोन्ही आरशांत खांब सारखे दिसले की चाकं सरळ.

नांदेडी: भिंत विसरलात. पुढचा डावा कोपरा बाहेर फिरतो, 16 फुटांत फूट-दीड फूटच उरतो.

डिझेलभाऊ: म्हणूनच 360.

गंजगोलाई: पार्किंग सेन्सर आहेत की! 1 जुलै 2019 पासून सगळ्या नव्या कारला सक्तीचे आहेत.

नांदेडी: ते मागच्या बंपरात. बाजूचा खांब त्यांना काय दिसणार? अन् पावसाळ्यात काळी माती चिकटली की नुसतेच कोकलतात. आरसे खाली करा, मागचं चाक दिसलं पाहिजे. फुकट काम.

बीडचा_पाहुणा: 5 फूट सोडा. आरसे खाली करा.

परभणीकर: तेच लिहिलंय वर, काका.

सिडकोवाला: सगळ्यांचे आभार. घरच्यांनी ठरवलं, गाडी नाकानंच, म्हणजे पुढूनच घालायची. दोन्ही खांबांना रबर गार्ड मागवले.

परभणीकर: नाकानं घालताना मागची चाकं आत कापतात, वाट जास्त लागते. अन् रिव्हर्स निघताना पुढचा बंपर खांबाबाहेर येईपर्यंत स्टीअरिंग सरळच ठेवा. रबर कमरेएवढ्या उंचीला लावा, दारं तिथंच घासतात.