सायकल, ओढणी आणि चेन: रोजच्या सायकलवारीला तुम्ही काय घालता?

मागच्या मंगळवारी सकाळी नळ स्टॉपच्या सिग्नलला चेनने माझा पलाझो खाल्ला. नेव्ही ब्ल्यू, रेयॉनचा, हाँगकाँग लेनमध्ये घासाघीस करून साडेतीनशेला घेतलेला. सिग्नल हिरवा झाला, मी पायडल मारलं आणि उजवा पाय खालीच अडकला. डावीकडे झुकून पाय टेकला म्हणून वाचले, नाहीतर मागून रिक्षा... असो. ओढायला गेले तर कापड आणखी आत. फुटपाथवर गजरे विकणाऱ्या मावशी उठून आल्या. "ओढू नको गं, पायडल उलटं फिरव." उलटं फिरवलं तसा एकेक दाता कापड सोडत गेला. पलाझोच्या मोहरीवर, म्हणजे खालच्या काठावर, एका ओळीत सात भोकं, प्रत्येकाभोवती काळं ग्रीस. ऑफिसात दिवसभर मी डाव्या पायामागे उजवा लपवून बसले होते.

कोथरूड ते शिवाजीनगर, जाऊन-येऊन तेरा-चौदा किलोमीटर, दोन वर्षं झाली. सायकलचे कपडे म्हणून दुकानात विचारलं की दोनच गोष्टी पुढे येतात. एक, भडक जर्सी आणि खाली पॅडवाली चड्डी. ती घालून मी मीटिंगला बसू शकत नाही. दुसरी, होजिअरीच्या दुकानात 'सायकलिंग' म्हणून मिळते ती. मुली शाळेच्या स्कर्टखाली घालतात, सायकलशी संबंध नावापुरता. मला शर्यतीत उतरायचं नाहीये. ऑफिसला जायचंय, येताना भाजी आणायचीय आणि हे सगळं करताना जरा बरंही दिसायचंय. एका ड्रेसला दोन-अडीच हजार घालणं जमणार नाही.

तुम्ही काय घालता? काय जमलं, काय फसलं, किती पैसे गेले, सगळं लिहा. 'स्कूटी घे' हा सल्ला मला घरी फुकट मिळतो, तो इथे नको.

*

सांगली, वय ७१

मी १९७२ ते ७६ विलिंग्डन कॉलेजला होते. गावभागातून विश्रामबागेपर्यंत रोज सायकल, आणि आमच्या घरात कॉलेज म्हणजे साडीच. साडीवर सायकल चालवायची युक्ती साडीत नसते, परकरात असते. बाजारचा परकर घेराला कमी. गुडघा वर आला की तो मांडीला आवळतो आणि निऱ्या सुटतात. आईने मला आठ कळ्यांचा पॉपलिनचा परकर शिवून दिला होता. साडी चार बोटं उंच नेसायची, पदर पाठीवरून फिरवून उजव्या कमरेला घट्ट खोचायचा. माझ्या लेडीज सायकलच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दोऱ्यांची जाळी होती, लाल-हिरवी, त्यामुळे निऱ्या चाकाच्या आऱ्यांत जात नसत. आताच्या सायकलींना ती का दिसत नाही कोण जाणे.

आजी ती जाळी बघून म्हणाली होती, "नऊवारी नेस, मग कशाला हवीय जाळी?" बरोबरच होतं तिचं. कासोटा घातला की खाली लोंबायला काही उरत नाही. पण नऊवारी नेसून कॉलेजात जायची माझी तयारी नव्हती. फॅशन आमच्याही वेळी होती हो.

*

पुणे, आयटीतली

सोपं आहे. टीशर्ट-ट्रॅकपँटवर जायचं, ऑफिसात जाऊन बदलायचं. एवढा काथ्याकूट कशाला?

*

पुणे, बँकेतली (वरच्या ताईंना)

तुमच्या ऑफिसात शॉवर असेल. आमच्याकडे एक संडास, फरशी कायम ओली, दाराला हुक नाही. एका पायावर उभी राहून, सलवारीचा पाय जमिनीला लागू नये म्हणून नाडी दातात धरून मी तीन महिने कपडे बदलले. शिवाय बाहेरून दार वाजवणारे. आता मी घरून जे घालून निघते तेच दिवसभर. पँट गडद, वर बारीक छापाचा कुर्ता. राखाडी रंगाचं नाव काढू नका, घामाचा एकेक थेंब जगजाहीर होतो. पांढरा, गडद निळा किंवा दाट प्रिंट असेल तर अर्ध्या तासात वाळतं आणि कोणाला कळतही नाही.

*

नाशिक, शिवणकाम करते

बावीस वर्षं कपडे शिवतेय आणि स्वतः क्लासच्या मुलींकडे सायकलवर जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माप देताना बाई आरशासमोर ताठ उभी राहते. सायकलवर कोण ताठ उभं असतं? मी स्टुलावर बसवते, दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे करायला लावते आणि मग पाठ मोजते. उभ्याने मोजलेली पाठ आणि ही पाठ यात सहज दीड इंचाचा फरक पडतो. 'काखेत फाटला' म्हणून येणाऱ्या निम्म्या कुर्त्यांचं कारण तेच. म्हणून मागे योक (खांद्यालगतचा आडवा पट्टा) घालून त्याच्याखाली मधोमध एक बॉक्स प्लेट देते. दिसायला छान दिसते आणि वाकलं की उघडते.

मुंढ्याबद्दल, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईबद्दल, सगळ्यांचा गैरसमज असतो. 'ताई, मुंढा सैल करा, हात पुढे करायचाय.' मुंढा खोल कापला की उलट होतं, हात पुढे केला की अख्खा कुर्ता वर ओढला जातो. मुंढा काखेशी नीट बसलेला हवा, सैल ठेवायची ती बाही.

उंची गुडघ्याच्या चार बोटं वर. त्याहून लांब असेल तर मागचा भाग सीटच्या मागे लोंबतो, आणि उतरताना सीटच्या टोकात अडकून तुम्ही तिथेच लटकता. (हसू नका, माझं झालंय, तेही कॉलेज रोडवर.) चीर जरा वरपर्यंत घ्या, पण तिच्या टोकाला आतून कापडाचा छोटा तुकडा लावून मागा, नाहीतर महिन्याभरात तिथूनच फाटत जाईल.

आता पँट. आसन (कमरेपासून दोन पायांच्या मधून जाणारं माप) बसवून मोजायचं. चारही शिवणी जिथे एकत्र येतात, नेमका तिथेच सीटवर भार पडतो. तिथे पतंगाच्या आकाराचा एक तुकडा घालायचा, म्हणजे शिवणी बाजूला सरकतात आणि टोचत नाहीत. शिंप्याला 'पतंग घाला' म्हटलेलं कळलं नाही तर जुन्या सलवारीतला दाखवा. मोहरी घोट्याच्या वर आणि अरुंद. चेन सायकलच्या उजव्या बाजूलाच असते, तेव्हा दोन्ही पाय अरुंद नको असतील तर निदान उजव्या मोहरीला आतून एक टिचबटण लावून घ्या.

आणि खिसा! मी कोणी सांगो न सांगो, खिसा लावते. कॉटनचं साधं कापड घेऊन शिलाईसकट कुर्ता-पँट माझ्याकडे अकराशे-बाराशेत होतं. घरातल्या कुर्त्याची चीर, उंची बदलून घ्यायची तर साठ-सत्तर रुपये. आधी तेच करा, नवीन घेऊ नका.

*

निनावी

कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. पहिले दोन महिने जीन्सवर सायकल चालवली आणि बसणं मुश्कील झालं होतं. जीन्सची मधली जाड शिवण, आणि खाली लेस लावलेले आतले कपडे. मैत्रिणीने सीटवर जेलचं कव्हर घालायला सांगितलं, त्याने आणखी घासलं. शेवटी कळलं की सीटचं टोकच वर तोंड करून होतं. मेकॅनिकने पान्याने दोन मिनिटांत सरळ केलं, पैसे घेतले नाहीत. आता लेगिंग किंवा वरच्या ताई म्हणतात तसली पँट, आत सुती आणि बिनलेसचं. पाळीच्या दिवसांत काळी लेगिंग आणि वर लांबीला बरा कुर्ता, बाकी काही वेगळं करत नाही.

*

कोल्हापूर

घेराचा स्कर्ट किंवा मिडी घालून जायचं असेल तर एक रुपयाचं नाणं आणि एक रबर. मागच्या घेराचं कापड पायांमधून पुढे ओढायचं, पुढच्या कापडामागे धरायचं, आतून नाणं लावायचं आणि बाहेरून दोन्ही थरांवर रबर गुंडाळायचं. स्कर्टची आपोआप पँट होते. उतरलं की रबर काढायचं, नाणं पर्समध्ये. इंटरनेटवर परदेशी बायकांचं बघून शिकले. महाद्वार रोडवरून घेतलेले दोन्ही मिडी तसेच वापरते.

*

सांगली, वय ७१

कोल्हापूरकर, हा तर कासोटाच की! आजी असती तर म्हणाली असती, रुपया कशाला खर्च करता?

*

यवतमाळ जिल्हा, शिक्षिका

विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही, फॅशनचं तर नाहीच. आमच्याकडे सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवीपासूनच्या मुलींना सायकली मिळतात. चार-पाच किलोमीटरवरून येतात पोरी. गणवेश पंजाबी ड्रेस आणि ओढणी, ओढणीची दोन्ही टोकं मागे सोडलेली. एकीची मागच्या चाकात गेली. सायकल थांबली, पोर मागे ओढली गेली. नशीब की पिन तुटली आणि ओढणी सुटली, पण गळ्यावर वळ आठवडाभर होता. तीन दिवसांनी शाळेत आली तेव्हा पहिला प्रश्न काय, तर "मॅडम, ओढणी फाटली, नवी घ्यावी लागंल का?"

त्यानंतर मी बैठकीत ओढणीच्या जागी बिनबाह्यांचं जॅकेट मागितलं. 'मुलींना बरं दिसत नाही' यावर दोन बैठका गेल्या. कोणाला बरं दिसत नाही, हे कोणी सांगेना. शेवटी एका पालक बाईनेच ओढणीच्या पैशात जॅकेट शिवून दाखवलं आणि विषय संपला. मुलींना त्याचे खिसे सगळ्यात जास्त आवडले. तुम्ही शहरातल्या ज्या अजूनही ओढणी मागे सोडून चालवता, त्यांनी कृपा करून ती घरी ठेवा. अगदीच हवी असेल तर बॅगेत ठेवा, पोचल्यावर घ्या.

*

नागपूर

आमच्याकडे मे महिन्यात फॅशन वगैरे काही राहत नाही बाप्पा. ४५ डिग्रीत जे अंग झाकेल ते घालायचं. पूर्ण बाह्यांचा मलमलचा पांढरा शर्ट, भावाचा जुना. तोंडाला सुती दुपट्टा, पण टोकं शर्टच्या आत. वरची ओढणीची गोष्ट वाचून आजपासून आणखी घट्ट खोचते. सिंथेटिक लेगिंग मार्चपासून कपाटात.

*

ठाणे, डबल एक्सएल

'स्टायलिश आणि स्वस्त' म्हटलं की माझ्या मापाच्या बाईला दोन्ही मिळत नाही. खेळाच्या कपड्यांच्या दुकानात बायकांच्या रांगेत माझं माप संपतं तिथे पुरुषांचं सुरू होतं. मग एकदा सरळ पलीकडच्या रांगेत गेले. पुरुषांची गुडघ्याखालपर्यंतची पँट, चेनचे दोन खोल खिसे, सेलमध्ये पाचशेला. कमरेला बसते, बसायला मोकळी. वर माझे नेहमीचे छापाचे कुर्ते, ते मात्र शिवून. ट्रायल रूमबाहेरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ये जेन्ट्स का है." म्हटलं, माझ्या सायकलला कळत नाही ते.

*

उट्रेख्त, नेदरलँड्स

इथे यायच्या आधी वाटलं होतं, सायकलींचा देश, दुकानंच्या दुकानं सायकलच्या कपड्यांनी भरलेली असतील. आले तर सकाळी आठला पुलावरून बायका लांब कोट, बूट, स्कर्ट, ऑफिसचा ब्लेझर, काय वाटेल ते घालून चाललेल्या. कपड्यांची काळजी सायकलच घेते. चेन पूर्ण डब्यात बंद, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना कोट आत जाऊ नये म्हणून कापडी आडोसा (सांगलीच्या काकूंची जाळीच ही, नुसती नावाने वेगळी), फ्रेम खाली वाकवलेली आणि हँडल इतकं जवळ की माणूस खुर्चीत बसल्यासारखं ताठ बसतं. मी दिवाळीच्या कार्यक्रमाला पैठणी नेसून गेलेय, काठाला डाग नाही.

वेगळं असं फक्त पावसाचं. पँटवरून चढवायची रेनपँट हवीच, कारण पाऊस वरून कमी आणि समोरून जास्त येतो. बाकी माझे सगळे कोट क्रिंगलूपमधले, म्हणजे इथली जुन्या वस्तूंची दुकानं. पुण्यात असते तर आधी चेनकव्हर बसवलं असतं, मग कपड्यांकडे बघितलं असतं.

*

धागा काढणारी (पलाझोवाली)

उट्रेख्तच्या ताई, कालच मेकॅनिककडे गेले होते. माझी गिअरची सायकल, मागे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकते, त्यामुळे पूर्ण बंद कव्हर बसत नाही म्हणाला. पुढच्या दात्यांवर प्लास्टिकची चकती लावून दिली. पलाझो अजून खाईल, पण निदान कमी चावेल. ग्रीसच्या डागावर खोबरेल तेल चोळून मग भांड्यांच्या साबणाने धुतलं, ऐंशी टक्के गेलं. भोकं राहिली, म्हणून आता गुडघ्याखाली कापून क्युलॉट (आखूड, घेरदार पँट) करणार आहे.

*

पुणे, पर्वती पायथा (आई सांगतेय, मी टाइप करते)

आई पाच घरी स्वयंपाक करते. पहिलं घर सकाळी सहाला, सहकारनगरात. आधी साडीवरच सायकल चालवायची. एकदा पावसात पदर मडगार्डमध्ये गेला, पडली, कणकेचा डबा रस्त्यावर. तेव्हापासून पंजाबी ड्रेस. घरातले म्हणाले, या वयात? आई म्हणाली, या वयात हात मोडला तर पोळ्या कोण लाटणार.

ड्रेस ती विकत घेत नाही, घरांमधून मिळतात. पण देणाऱ्यांना वाटतं ड्रेस दिला म्हणजे झालं. दंडाला घट्ट, उंचीला घोट्यापर्यंत, आणि सगळे कडक इस्त्रीचे कॉटनचे, ते पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाहीत. ती सिंथेटिकचा मागून घेते. तुम्ही लोक कॉटन कॉटन म्हणता, तिला एका घरून दुसऱ्या घरी जाईपर्यंत वाळलेलं हवं. सलवारीच्या उजव्या पायाला ती कपडे वाळत घालायचा चिमटा लावते. पाच घरांच्या चाव्या गळ्यात दोरीला, त्या हँडलवर आपटत राहतात.

नाशिकच्या शिवणकामवाल्या ताईंना ती विचारतेय: तयार ड्रेसला नंतर खिसा लावता येतो का, आणि त्याला चेन बसेल का? चाव्यांचा जुडगा गेला तर पाचही घरं जातील म्हणते.

*

नाशिक, शिवणकाम करते

बसेल. उजव्या बाजूची शिवण कमरेखाली सहा इंच उसवायची, आत खिशाची पिशवी आणि तोंडाला पाच इंची चेन. पुण्यात कोणीही शिंपी करून देईल, ऐंशीच्या वर देऊ नका. चाव्या आत वाजत असतील तर पिशवी दुहेरी कापडाची घ्यायला सांगा.