रिमोट सॉफ्टवेअर कारखान्यांतून हद्दपार करावे का?

सातपूरकर
"पासवर्ड पक्का असेल तर रिमोट सॉफ्टवेअरची भीती बाळगण्याचे कारण नाही," असे टिपण काल उद्योजकांच्या समूहावर फिरले आणि ते वाचून मला गप्प बसवेना. रिमोट सॉफ्टवेअर म्हणजे दूर बसून दुसऱ्याचा संगणक चालवू देणारे सॉफ्टवेअर. मे २०१९ मध्ये 'ब्लूकीप' नावाने गाजलेली विंडोज रिमोट डेस्कटॉपमधील त्रुटी लॉगिनच्या आधीच्या टप्प्यावरच होती, त्यामुळे पासवर्ड कितीही अवघड असला तरी हल्लेखोराला त्याची गरजच नव्हती. धोका एवढा होता की मायक्रोसॉफ्टने केव्हाच सोडून दिलेल्या एक्सपी या जुन्या विंडोजसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर स्क्रीनकनेक्ट या रिमोट सॉफ्टवेअरच्या सर्व्हरवर सुरुवातीच्या सेटअपचे पान बाहेरून पुन्हा उघडून कोणालाही प्रशासकाचे, म्हणजे पूर्ण ताब्याचे, खाते तयार करता येत होते. चौकटच निखळत असेल तर कुलपाच्या मजबुतीची चर्चा कशाला? नाशिकमधील सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांनी ही सॉफ्टवेअर सरसकट काढून टाकावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्व्हिसवाला, नाशिक रोड
सकाळी दिंडोरीत बिलिंग बंद पडते, दुपारी सिन्नरला टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडत नाही. दहा मिनिटांच्या कामासाठी माणूस पाठवण्याचा खर्च कोण देणार, हे आपण लिहिले नाही. दोन्ही उदाहरणे खरी आहेत, परंतु दोन्ही त्रुटींची दुरुस्ती त्या जाहीर झाल्या तेव्हाच उपलब्ध होती. ज्यांनी ती लावली नाही, दोष त्यांचा आहे.

लेखापाल, गंगापूर रोड
"अपडेट केले की झाले" हे म्हणणेही अर्धवटच आहे. फोर्टिनेट कंपनीच्या व्हीपीएनमधील (बाहेरून कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये येण्याच्या सुरक्षित मार्गातील) एका त्रुटीची दुरुस्ती २०१९ मध्येच आली होती, तरीही सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे ८७,००० उपकरणांचे लॉगिन तपशील उघड झाले. दुरुस्ती लावण्यापूर्वी चोरीला गेलेले पासवर्ड नंतर बदललेच नसतील, तर त्या दुरुस्तीचा उपयोग काय? पासवर्ड बदलणे आणि ओटीपीसारखा दुसरा टप्पा लावणे हे दुरुस्तीइतकेच आवश्यक आहे.

मला याहून अधिक खटकते ते वेगळेच. आमच्या एका ग्राहकाच्या मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने लावलेल्या कागदावर रिमोट सॉफ्टवेअरचा आयडी आणि कायमचा पासवर्ड लिहिलेला होता, आणि त्याच सर्व्हिसवाल्याच्या दुसऱ्या ग्राहकाकडेही अक्षरशः तोच पासवर्ड निघाला. ही त्रुटी कोणत्या कंपनीने दुरुस्त करायची?

सर्व्हिसवाला, नाशिक रोड
सगळ्यांना एकच पासवर्ड देण्याचे समर्थन मी करणार नाही. मात्र दर वेळी बोट आमच्याकडेच का वळते? चोरीचे विंडोज बसवून द्या असा आग्रह धरणारे मालक, संगणक मंद होतो म्हणून अपडेट बंद ठेवायला लावणारे मालक आणि एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) पैसे वर्षभर थकवणारे मालक याच शहरात आहेत, आणि हल्ल्यात फाइली लॉक झाल्या की तेच मालक आम्हाला चोर ठरवतात.

अंबडचा कारखानदार
मालकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यापूर्वी आमची अडचण समजून घ्या. आमच्या सीएनसी (संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या) यंत्राला जोडलेला संगणक विंडोज ७ वर चालतो आणि त्याचा सर्वसाधारण पाठिंबा, म्हणजे नियमित अपडेट, १४ जानेवारी २०२० रोजी संपला. नवी प्रणाली टाकल्यास यंत्राचा प्रोग्राम चालेल अशी हमी पुरवठादार देत नाही, आणि यंत्र तर अजून ठणठणीत आहे. आपण सांगता ते अपडेट मी आणू कोठून?

सातपूरकर
मग ते यंत्र इंटरनेटला जोडताच कशाला?

अंबडचा कारखानदार
पुरवठादाराचा अभियंता बंगळुरूहून पाहतो म्हणून! तो प्रत्यक्ष येईपर्यंत यंत्र बंद राहिले आणि माल वेळेवर गेला नाही, तर त्याचा दंड आपण भरणार आहात का? घरी बसून दुसऱ्याचा कारखाना बंद करायला सांगणे फार सोपे असते.

लेखापाल, गंगापूर रोड
आवाज चढवून यंत्र सुरक्षित होणार नाही. ते स्वतंत्र नेटवर्कवर ठेवा, म्हणजे तेथे कोणी शिरले तरी कार्यालयातील टॅलीपर्यंत पोहोचणार नाही. राउटरवरून ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट (जोडणीचे दार) बाहेर उघडा असेल तर तो आजच बंद करा. अभियंत्याला पाहायचे असेल तेव्हा फोरमनने केबल जोडावी, काम होईपर्यंत पडद्यासमोर बसावे आणि नंतर केबल काढून ठेवावी. केबल जोडण्या-काढण्याला एक रुपयाही लागत नाही.

अंबडचा कारखानदार
केबलचे करता येईल. नव्या प्रणालीच्या खर्चाचा प्रश्न मात्र तसाच आहे, आणि त्याचे उत्तर आपल्यापैकी कोणीही दिलेले नाही.

सर्व्हिसवाला, नाशिक रोड
यंत्रापुरते हे योग्य आहे. रात्रीचा बॅकअप तपासण्यासाठी सर्व्हरवर मात्र कायमचा प्रवेश लागतोच. तेथे अपडेट केलेला व्हीपीएन, ओटीपी आणि आमच्या प्रत्येक माणसासाठी स्वतंत्र खाते ठेवावे, म्हणजे नोकरी सोडून गेलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद करता येईल.

सातपूरकर
"सरसकट" हा शब्द मी नाइलाजाने मागे घेतो, परंतु केवळ तोंडी आश्वासनावर माझा विश्वास नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर हल्ल्यासारखी घटना सहा तासांत कळवणे आणि संगणक प्रणालीच्या १८० दिवसांच्या नोंदी जपणे ही दोन कलमे एएमसीच्या करारात आपण लिहून द्याल का?

सर्व्हिसवाला, नाशिक रोड
देतो. मात्र अपडेट नको म्हणणाऱ्या ग्राहकाने तसे सही करून द्यावे, हे तिसरे कलमही त्याच करारात राहील.