आई-बाबांसोबत लँगोलेन कालव्यावर पारंपरिक धाटणीची नॅरोबोट : मार्गदर्शन हवे आहे

सातारकर_लीड्स

नमस्कार. माझे आई-वडील जूनमध्ये साताऱ्याहून आमच्याकडे लीड्सला येत आहेत. दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे. प्रकृती ठणठणीत आहे, मात्र आईचे गुडघे दुखतात. त्यांना घेऊन आठवडाभर नॅरोबोट (इथल्या कालव्यांवरची लांब, अरुंद बोट) भाड्याने घ्यावी आणि इंग्लंडमधल्या व्हिटचर्चहून वेल्समधल्या लँगोलेनपर्यंत जाऊन परतावे, असा विचार आहे. मी, पत्नी आणि बारा वर्षांचा मुलगा धरून आम्ही पाच जण होतो.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले असल्याने पाँटकसल्टेचा जलसेतू पाहण्याची त्यांना फार इच्छा आहे. गुलाबाची फुले आणि किल्ल्यांची चित्रे रंगवलेली, पितळी कड्या चमकणारी जुन्या धाटणीची बोट मिळाली तर दुधात साखर. परंतु अशा बोटीचा मागचा डेक अगदी लहान असतो, असे वाचले. वयस्कर माणसांना ती सोयीची पडेल का? शिवाय आठवड्यात एवढे अंतर निवांतपणे होईल का? आम्हांपैकी कोणीही यापूर्वी बोट चालवलेली नाही.

कालवाकाठ

परवान्याची चिंता नको. भाड्याच्या बोटीसाठी तो लागत नाही आणि ताबा देताना कंपनीची माणसे सर्व काही शिकवतात. अंतराचे म्हणाल, तर व्हिटचर्च ते लँगोलेन सुमारे 30 मैल आहे आणि वाटेत न्यू मार्टनची दोनच लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे दरवाजांचे कप्पे) आहेत. वेगमर्यादा ताशी 4 मैल असली, तरी काठाला बांधलेल्या बोटींजवळून अगदी मंद जावे लागते, त्यामुळे ताशी 3 मैलांपेक्षा कमीच धरावे. हा कालवा डी नदीचे पाणी हर्लस्टनच्या जलाशयाकडे वाहून नेतो, म्हणून त्याला चांगलाच प्रवाह आहे आणि लँगोलेनकडे जाताना तो अंगावर येतो. तरीही दिवसाला चार-पाच तास चाललात तर एल्समिअरच्या तळ्याकाठी एखादी दुपार सहज काढता येईल.

बोटीच्या निवडीबाबत मात्र मी स्पष्टच लिहितो : अस्सल पारंपरिक धाटणी घेऊ नका. तिच्यात सुकाणू धरणारा केबिनच्या दारातच उभा असतो आणि त्याच्या मागे जेमतेम एका माणसाला पाय ठेवण्यापुरती जागा उरते. त्या जागी दुसरे कोणी उभे राहिले, तर टिलरची, म्हणजे सुकाणूची, दांडी जोरात फिरताच त्याला पाण्यात लोटू शकते. आपण सगळे मिळून गप्पा मारत जाणार असाल, तर सेमी-ट्रॅड घ्यावी. बाहेरून ती जुन्या बोटीसारखीच दिसते, पण मागच्या भागाच्या दोन्ही बाजूंना भिंती उंच ठेवून वरचे छत काढलेले असते आणि आत बाके असतात. बाबांना सुकाणूजवळ बसून सर्व पाहता येईल.

नाळेवरची_आजी

कालवाकाठ यांचा सेमी-ट्रॅडचा सल्ला मला पूर्णपणे पटत नाही. मी स्वतः पासष्टीची आहे आणि माझी जागा कायम बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेकडच्या खोलगट बाकावर असते. इंजिन पन्नास-साठ फूट मागे राहते, म्हणून तिथे पाण्याची चुळबुळ आणि काठावरच्या पाखरांचा आवाज एवढेच कानावर येते. आपल्या आईंना ती जागा मागच्या कोणत्याही डेकपेक्षा आवडेल. पाऊस आला तर सुकाणूवाल्यालाही पारंपरिक बोटच बरी. कमरेपर्यंत तो उबेत असतो.

गुडघ्यांसाठी पाहायचे ते वेगळेच. केबिनमध्ये उतरण्याच्या पायऱ्या दोन्ही टोकांना उभ्या चढणीच्या असतात, तेव्हा किती पायऱ्या आहेत आणि धरायला दांडा आहे का, हे आरक्षणापूर्वी विचारा. बोटीच्या कडेच्या चिंचोळ्या पट्टीवरून त्यांना अजिबात चालू देऊ नका. पलंगाचेही विचारा, कारण बोट आतून सहा फुटांपेक्षाही थोडी अरुंद असते आणि काही पलंग रोज रात्री जेवणाचे टेबल मोडून करावे लागतात.

स्वयंपाक गॅसवर होतो, त्यामुळे कुकर आणि पोळ्या यांना काही अडचण नाही. मिक्सर आणि विजेची किटली मात्र बोटीच्या इन्व्हर्टरवर बहुधा चालत नाहीत. वाटण घरूनच करून न्यावे. हवेसाठी ठेवलेली भोके थंडी वाजते म्हणून कधीही बुजवू नयेत, हे सर्वांना बजावून ठेवा. पाण्याची टाकी रोज भरलेली बरी.

जलसेतू

बाबांसाठी थोडे लिहितो. टेलफर्ड आणि जेसप यांनी उभारलेला पाँटकसल्टे 1805 साली खुला झाला. लांबी 307 मीटर, डी नदीपासून उंची सुमारे 38 मीटर, दगडी खांब 18 आणि त्यांवर ओतीव लोखंडाची पन्हळ. 2009 पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. पायवाटेच्या बाजूला कठडा आहे; दुसऱ्या बाजूला पन्हळीची कड पाण्यापेक्षा जेमतेम वीतभर वर येते आणि पलीकडे थेट दरी. आईंना भीती वाटली तर त्यांना आधीच उतरवून पायवाटेने सोबत चालू द्यावे. सेतूवर एका वेळी एकच बोट मावते, म्हणून समोरून कोणी येत नाही ना, हे पाहूनच शिरावे. ट्रेवर गावाच्या पुढे लँगोलेनपर्यंतही काही टप्पे तसेच अरुंद आहेत. तिथे एकाने काठाने पुढे जाऊन वाट मोकळी आहे का ते पाहावे. या कामाला आपला मुलगा उत्तम.

न्यू मार्टनची लॉक दोनच असली, तरी परतताना, म्हणजे उतरताना, विशेष लक्ष हवे. वरच्या दरवाजाच्या आत पाण्याखाली दगडी उंबरा असतो. पाणी उतरू लागले आणि बोटीची मागची बाजू त्या उंबऱ्यावर टेकली, तर नाळ खाली जाते आणि काही क्षणांत बोट बुडू शकते. भिंतीवर उंबऱ्याची खूण पांढऱ्या रेषेने दाखवलेली असते. मागचे टोक सतत तिच्या पुढे ठेवावे. लॉकमधले पाणी सोडणाऱ्या झडपा उघडणाऱ्याने नजर बोटीवरच ठेवावी आणि काही खटकले की आधी खालच्या झडपा बंद कराव्यात, बोलणे नंतर. उतरताना दोर घट्ट बांधून ठेवू नये.

सातारकर_लीड्स

सर्वांचे मनापासून आभार. बाबांना ही चर्चा फोनवर वाचून दाखवली. त्यांना सुकाणूजवळच बसायचे आहे आणि आईने नाळेकडचे बाक मागून घेतले आहे. त्यामुळे पुढे खोलगट बाक, दांडा असलेल्या पायऱ्या आणि कायमचा दुहेरी पलंग असलेली सेमी-ट्रॅड शोधतो आहोत. रंगवलेले गुलाब मिळाले तर घेऊ, नाही तर पायऱ्या महत्त्वाच्या.