विहिरीत नायट्रेट जास्त, गोठ्याच्या मुतासाठी शोषखड्डा घ्यावा का?

प्रश्न (यावल तालुका):
१२ म्हशी. गोठा सातपुड्याच्या पायथ्याशी, दोन फुटांखाली नुसते गोटे आणि मुरूम. उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगाला, ५० फुटांवर. पाण्यात नायट्रेट लिटरला ७२ मिलिग्रॅम निघाले. मुताचा चिखल होतो म्हणून शोषखड्डा घ्यायचा आहे. किती खोल घ्यावा?

उत्तर १:
भाऊ, शोषखड्डा अजिबात नको. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५ आहे, ती तुम्ही आधीच ओलांडली. शेणातला नत्र (नायट्रोजन) हळूहळू सुटतो. मुतातल्या युरियाचा मात्र काही दिवसांत अमोनिया होतो, पुढे नायट्रेट. नायट्रेटला माती धरत नाही, ते पाण्याबरोबर थेट खाली उतरते. १२ म्हशींचे दिवसाला साधारण १०० लिटर मूत आणि २०० किलो शेण धरा. महिन्याचा नत्र ४५ किलोच्या दोन युरिया गोण्यांएवढा भरतो. त्यातला मोठा वाटा मुताचा.

गोठ्यात कोबा करा, १० फुटांना २ इंच उतार, कडेला नाली, शेवटी आतून गिलावा केलेली टाकी. धुण्याआधी शेण फावड्याने ओढून घ्या, नाहीतर धुण्याच्या पाण्यानेच टाकी भरून वाहते. टाकीतले मूत रोज पऱ्हाटीच्या भुग्यावर किंवा केळीच्या वाळल्या पानांवर शिंपडा. उत्तम खत होते.

उत्तर २:
उकिरडाही हलवा. विहिरीच्या खालच्या अंगाला, निदान १०० फूट लांब, फरशीवर. भोवती बांध घाला आणि जून ते सप्टेंबर ताडपत्री झाका. काळ्या मातीवर ढीग घातला तरी निर्धास्त राहू नका: उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचे पाणी त्यांतूनच खाली जाते. जुन्या जागेची फूटभर माती खरवडून शेतात पसरा, खरवडलेल्या जागेवर मका पेरा. खाली साठलेला नत्र मका ओढून घेतो.

उत्तर ३:
खत टाकतानाही हिशेब ठेवा. टनभर शेणखतात साधारण ५ किलो नत्र असतो, पहिल्या वर्षी त्यातला थोडाच पिकाला मिळतो. तेवढा युरिया कमी करा. केळीला युरिया एकदम न देता ठिबकमधून हप्त्याने द्या. पाट भरून पाणी सोडले की उरलेला नत्र मुळांखाली जातो.

प्रश्नकर्ता:
तोवर पाणी उकळून प्यावे का?

उत्तर १:
नाही. उकळल्याने पाणी आटते, नायट्रेट आटत नाही, प्रमाण उलट वाढते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचे दूध या पाण्यात आजपासूनच कालवू नका, बाळाच्या रक्तातला प्राणवायू कमी होतो. पावसाळ्याआधी आणि नंतर पाणी पुन्हा तपासा. अहवालात 'नायट्रेट' आहे की 'नायट्रेट-नायट्रोजन' (म्हणजे नायट्रेटमधला फक्त नत्र) तेही पाहा. दुसऱ्याची मर्यादा साधारण १० आहे.