अनुभव धागा : २०२३ साली आभाळात काय पाहिलंत?

२०२३ संपत आलं. बातम्या सगळ्यांनीच वाचल्यात, पण स्वतः काय पाहिलंत, कुठून पाहिलंत, तेवढंच लिहा. सुरुवात मी करते. पाडवा होऊन दोनच दिवस झाले होते, २४ मार्च. संध्याकाळी तृतीयेची कोर आणि तिच्या अगदी खाली लखलखता शुक्र. एरवी एकमेकांशी न बोलणारी आमची सोसायटी त्या दिवशी गच्चीवर मान वर करून उभी होती. आता तुम्ही लिहा.

जुन्नर तालुका
खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या डिशा आम्ही लहानपणापासून बघतोय. एकेक ४५ मीटर व्यासाची, एकूण ३०. तिथे नक्की काय चालतं ते मला यंदा कळलं, आणि तेही आषाढीच्या दिवशी, २९ जूनला. स्पंदक तारे, म्हणजे गरगर फिरणारे मृत तारे, रेडिओ लहरींचे अगदी नियमित ठोके देतात. विश्वात प्रचंड लांबीच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच ताणणाऱ्या-आकसणाऱ्या लहरी, पसरलेल्या असतील, तर ते ठोके आपल्यापर्यंत किंचित लवकर किंवा उशिरा पोचतात. एकेक लहर पुरी व्हायला वर्षं लागतात, म्हणून युरोपातल्या दुर्बिणींची जवळपास २५ वर्षांची नोंद धुंडाळली गेली. त्यात खोडदची भर मोलाची. ताऱ्यांमधल्या वायूमुळे कमी वारंवारतेचे संकेत जास्त रेंगाळतात. आपली दुर्बीण नेमकी तेच टिपते, त्यामुळे तो उशीर मोजून वजा करता येतो. त्या दिवशी शास्त्रज्ञांनी या लहरींचा ‘पुरावा मिळाला’ एवढंच म्हटलं, ‘सिद्ध झालं’ म्हटलं नाही, हे मला फार आवडलं. उपासाची खिचडी बाजूला ठेवून मी घरच्यांना हे सगळं समजावत बसलो होतो.

सातारा जिल्हा, प्राथमिक शिक्षिका
२३ ऑगस्ट. शाळा सुटली होती, तरी चंद्रयान-३ चंद्रावर उतरताना बघायला पाचच्या सुमाराला पोरं परत आली, काहींसोबत आज्याही होत्या. माझं लक्ष पडद्यावरच्या उंचीच्या आकड्यावर होतं. २०१९ला चंद्रयान-२चा विक्रम हा लँडर २.१ किलोमीटरपर्यंत नीट उतरत होता, मग त्याचा संपर्क तुटला. चारच दिवसांपूर्वी रशियाचं लुना-२५ही चंद्रावर आदळलं होतं. मुलांना यातलं काही सांगितलं नव्हतं. आकडा दोनच्या खाली आला आणि मी शेजारच्या बाईंचा हात घट्ट धरला. मग १५० मीटरवर यान थांबल्यासारखं झालं. जागा नीट आहे का ते बघतंय, असं मी म्हणाले, तर एक पोरगी म्हणाली, “बाई, बसू दे की आता!” सहा वाजून चार मिनिटांनी बसलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्नच प्रश्न. आधीचं का पडलं, याचं काय बदललं? पाय मजबूत केले, इंधन वाढवलं आणि उतरायला ऐसपैस जागा आखली, ४ बाय २.४ किलोमीटरची. फळ्यावर मी अर्ध्या किलोमीटरचा जुना चौकोन काढला आणि शेजारी हा नवा. पोरांना तेवढ्यानेच सगळं पटलं.

सॅन अँटोनियो, टेक्सास
१४ ऑक्टोबरला सर्वपित्री होती आणि आमच्याकडे कंकणाकृती ग्रहण. नैवेद्य लवकर उरकून सगळे अंगणात. ग्रहणाचे चष्मे होते, पण खरी मजा आणली आईच्या चाळणीने. उन्हात धरली तर प्रत्येक भोकातून जमिनीवर एकेक चंद्रकोर! दुपारी बाराच्या आत त्या सगळ्यांच्या बांगड्या झाल्या आणि चारेक मिनिटं टिकल्या. चंद्र पृथ्वीपासून लांब असल्याने सूर्य पुरता झाकला जात नाही, हे आईला त्या बांगड्या दाखवतच सांगितलं.

कोल्हापूर
कोजागरीला ग्रहण आलं. घरात दुधावरून वाद झाला. आजीने वेध पाळले, आम्ही दूध प्यायलो. पण पावणेदोनला चंद्राची कड कुरतडलेली बघायला तीही वर आली. शेजारी गुरू होता, त्याचं तिला जास्त कौतुक.

हिंगोली
आमच्याकडे अजून काही दिसत नाही, पण लिहितो. एप्रिलमध्ये केंद्राने लायगो-इंडियाला, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला, मंजुरी दिली, २६०० कोटी रुपये. औंढा नागनाथच्या परिसरात काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. त्यांतून लेसर सोडून लांबीतला अणूपेक्षाही कितीतरी बारीक फरक मोजणार. उभं राहायला काही वर्षं जातील. आमच्या पोरांनी तोवर भौतिकशास्त्र शिकून तिथे नोकरीला लागावं, अशी माझी फार इच्छा आहे. खोडदवाल्यांपैकी कोणी आमच्या शाळेत येऊन बोलणार असेल, तर इथेच कळवा. राहण्या-जेवणाची सोय माझ्याकडे.